बीए सायकॉलॉजी, मुंबईतलं एक कॉलेज: अप्लाइड पेपरांबद्दल (५ पैकी ३.५)

ॲडमिशनचा सीझन आलाय आणि सायकॉलॉजीचे अप्लाइड, म्हणजे प्रत्यक्ष कामात वापरायचे पेपर कसे शिकवतात हेच सगळे विचारतायत म्हणून लिहितेय, कॉलेजचं नाव नको. टीवाय नुकतंच झालंय माझं.

एफवायला जनरल, एसवायला सोशल आणि डेव्हलपमेंटल, आणि मग टीवायला एकदम सहा पेपर, ॲबनॉर्मल, कॉग्निटिव्ह, टेस्टिंग-स्टॅट्स, इंडस्ट्रियल, काउन्सेलिंग आणि प्रॅक्टिकल. म्हणजे ज्यासाठी अर्धा वर्ग सायकॉलॉजी घेतो ते शेवटच्या वर्षात येतं आणि तेही घाईघाईत.

काउन्सेलिंगच्या पेपरला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. तिघातिघांचे ग्रुप, एक काउन्सेलर, एक क्लायंट आणि तिसरा नुसता बघून लिहिणारा. "मग तू असं कर ना" म्हटलं की मॅडम लगेच थांबवायच्या, आधी ती काय म्हणाली ते तुझ्या शब्दांत तिला सांग म्हणायच्या. सल्ला न देता ऐकणं किती अवघड आहे ते पुस्तक वाचून नाही कळत, खरंच.

इंडस्ट्रियल मात्र पूर्ण नोट्सवर. जॉब ॲनालिसिसची, म्हणजे एखाद्या कामात नेमकं काय काय करावं लागतं ते बघण्याची व्याख्या पाठ, पण एकाही माणसाचं काम बसून बघितलं नाही. अहो कॅन्टीनवाल्या दादांचं किंवा लायब्ररीतल्या ताईंचं केलं असतं तरी चाललं असतं, त्याला ना खर्च ना परवानगीची कटकट.

आणि कृपया स्टॅट्सला शिव्या देऊ नका. स्ट्रूपचा प्रयोग १९३५ चा आहे पण लाल शाईत लिहिलेल्या 'हिरवा' शब्दाचा रंग सांगताना आजही जीभ अडखळते, तो मित्रमैत्रिणींवर करून टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोग ते तपासायचं गणित) हाताने सोडवली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. उद्या कुठल्या कंपनीने पर्सनॅलिटी टेस्ट पुढे ठेवली तर तिची रिलायबिलिटी (दर वेळी तसाच निकाल येतो का), व्हॅलिडिटी (जे मोजायचं तेच मोजते का) काय आहे हे विचारता आलं पाहिजे ना, नाहीतर अप्लाइड शिकून उपयोग काय? म्हणून स्टॅट्स कापून अप्लाइड वाढवा म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. स्टॅट्स आधी आणा आणि एसवायपासून एकतरी फील्डवर्कवाला पेपर द्या.

अजून एक, बीए झालं की लगेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही कोणी. त्याला पुढचं प्रोफेशनल शिक्षण आणि आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. हे आम्हाला टीवायला सांगितलं, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, कारण पालक पुढच्या खर्चाचा हिशोब त्यावर करतात.

ॲडमिशन घेताना एवढं नक्की विचारा, रोल-प्ले होतात का, ते बघायला शिक्षक वर्गात बसतात का आणि फील्डवर्क खरंच करून घेतात की जर्नलपुरतंच असतं.