वक्तृत्व व नेतृत्व विकास वर्ग, राजारामपुरी : पैसे भरण्याआधी हे वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ‘वक्तृत्व व नेतृत्व विकास’ वर्गाचा कोर्स मी नुकताच पुरा केला. तीन महिने, शनिवार-रविवार सकाळी दहा ते एक, फी साडेसात हजार. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही. शाहूपुरीत, ताराबाई पार्कात चौकशी केली तेव्हा सगळीकडं थोडाफार हाच कोर्स दिसला, आणि मला जे म्हणायचंय ते एका वर्गापुरतं नाही. मी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावची ग्रामपंचायत सदस्या. माझ्यासारख्या सदस्या, सोसायटीचे संचालक, तालमीतली पोरं, महापालिकेला उभं राहायच्या जोडण्या लावणारे असे बरेच जण हल्ली या वर्गांकडं वळतायत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. आवाजाचं काम इथं मनापासून करून घेतात. पोटावर तळहात ठेवून श्वास घ्यायचा, खांदे उचलले गेले की सर लगेच टोकणार. मग एका श्वासात मोठ्यानं आकडे वाचायचे : एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास रुपये. मध्येच दम तुटला की पुन्हा पहिल्यापासून. ग्रामसभेत जमाखर्च वाचताना वाक्याचं शेपूट गिळलं जातं आणि मागं बसलेल्यांना नेमका आकडाच ऐकू जात नाही, त्यावर हा फार कामाचा उपाय आहे. माईक तोंडापासून चार बोटं लांब आणि जरा हनुवटीच्या खाली धरायचा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना स्पीकर फटकारत नाही. वाक्य संपलं की गप्प राहायचं, ‘त्या ठिकाणी’, ‘त्या निमित्तानं’, ‘खऱ्या अर्थानं’ असलं काही घालून जागा भरायची नाही. प्रत्येकाचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यालाच दाखवतात. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात पाच-पाच मिनिटं घालवायची आपल्याकडची खोड तर सरांनी सगळ्यांची मोडली. एवढ्या एका गोष्टीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या श्रोत्यांनी त्यांचे आभार मानावेत.

बायकांना याचा फायदा जास्त होतो. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा आम्हाला आहेत, पण माईक अजून पुष्कळ गावांत नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या हातात असतो. आमच्या बॅचमधल्या एक सदस्या पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगतानासुद्धा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. शेवटच्या महिन्यात त्यांनी गावच्या पाणीपट्टीवर समोर बघून सलग चार मिनिटं बोलून दाखवलं. साडेसात हजारांत हे मिळत असेल तर मी महाग म्हणणार नाही.

आता जे पटलं नाही ते. वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत फलक आहे : ‘ज्याची वाणी धारदार, त्याची बुद्धी धारदार, तोच खरा नेता’. सर हे वाक्य दर आठवड्याला म्हणून घेतात, आणि सगळा कोर्स याच समजुतीवर उभा आहे. ही समजूत चुकीची आहे. लोकांनी नेता निवडताना तीच वापरली तर गावाचं नुकसान होतं.

गुणपत्रिका बघितली की सगळं कळतं. दहा रकाने, प्रत्येकी पाच गुण : आवाज, उच्चार, नजर, हातवारे, उभं राहणं, पोशाख, सुरुवात, शेवट, आत्मविश्वास, श्रोत्यांचा प्रतिसाद. सांगितलेलं खरं आहे का, याला रकाना नाही. प्रश्नाला उत्तर देता आलं का, यालाही नाही.

एका रविवारी विषय होता ‘पूर आणि माझं गाव’, प्रत्येकी तीन मिनिटं. उपनगरातला एक पंचविशीतला मुलगा उठला. ‘२०१९ चा तो ऑगस्ट!’ म्हणून थांबला. आवाज चढवला, उतरवला, मध्ये एक शेर टाकला आणि शेवटी पंचगंगेला आई म्हणून हात जोडले. टाळ्या थांबेनात. पन्नासपैकी सेहेचाळीस गुण.

त्याच्यामागून नदीकाठच्याच गावच्या एक ताई आल्या, दूध संस्थेच्या सचिव. हातातला कागद थरथरत होता. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, पण आमचा रस्ता त्याआधीच पाण्याखाली जातो, म्हणून ३९ ची वाट बघायचीच नाही, असं त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा गाभण म्हशी हलवायच्या, कारण नंतर पाण्यातनं त्यांना ओढता येत नाही. मग फॅट तपासायचं मशीन आणि सभासदांची रजिस्टरं माळ्यावर. पशुखाद्य भिजलं की बुरशी धरतं, म्हणून पाऊस लागून राहिला की नवी गाडी उतरवूनच घ्यायची नाही. पूर ओसरल्यावर पहिला दूध-संकलनाचा टेम्पो कुठल्या वाटेनं येईल, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. दीड मिनिटात संपलं आणि त्या खाली बसल्या. गुण सत्तावीस. शेरा : देहबोली कमकुवत, शेवट प्रभावी नाही.

चहाच्या वेळी मी त्या मुलाला विचारलं, तुझ्या भागात पाणी पहिल्यांदा कुठनं शिरतं? तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काय वो ताई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मला न्हाई ठाऊक.” पोरगा बुद्धीनं कमी नाही. कुठं थांबलं की माणसं कान टवकारतात हे त्याला कळतं, आणि त्यालाही डोकं लागतं. पण पुराबद्दल त्यानं काहीच माहिती काढलेली नव्हती. सेहेचाळीस गुण देऊन आम्ही त्याला सांगितलं की, काढायची गरजही नाही. मला राग आला तो याचा.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं एका प्रयोगाची गोष्ट सांगितली ती इथं सांगण्यासारखी आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ म्हणून उभं केलं. विषय होता गेम थिअरी आणि वैद्यकीय शिक्षण, आणि समोर मानसोपचारतज्ज्ञ, शिक्षणतज्ज्ञ असली शिकलेली माणसं. नटाला विषयातलं काही येत नव्हतं. एकमेकांना छेद देणारी, अर्थ नसलेली वाक्यं रुबाबात आणि हसतखेळत बोलायची, एवढंच त्याला शिकवलं होतं. श्रोत्यांनी त्याला उत्तम शेरे दिले. १९७३ मध्ये हा अभ्यास छापून आला. जाणकारांची ही गत असेल, तर पावसात छत्री धरून सभा ऐकणाऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा?

आमच्याच ग्रामसभेतलं एक सांगते. एका तरुण कार्यकर्त्यानं माईक घेऊन जाहीर केलं की, पंधराव्या वित्त आयोगाचा सगळा निधी तालमीच्या इमारतीला लावू. बोलला झकास. पारावरची म्हातारी माणसं म्हणाली, पोरगं हुशार हाय. वास्तविक त्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेल्या ४० टक्क्यांचं काय करायचं, तेही गावच्या विकास आराखड्यात बसवायला लागायचं. मी कागद वाचले होते, मला हे माहीत होतं. पण शंभर माणसांसमोर उठून चार वाक्यं सरळ बोलायची सवय नव्हती, म्हणून तर मी या वर्गात नाव घातलं. बोलता आलं पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही. फक्त बोलता येणाऱ्याला सगळं कळतं आणि गप्प बसणारी मठ्ठ, हा हिशेब मला मान्य नाही, कारण त्याचा फटका गावोगावी आम्हा बायकांनाच जास्त बसतो.

कोल्हापूर हे भाषणं ऐकून वाढलेलं गाव आहे. बिंदू चौकातल्या सभा ऐकायला माणसं जेवणं उरकून जायची. एन. डी. पाटील सर, गोविंद पानसरे यांच्यासारखे लोक बोलायचे तेव्हा एका मुद्द्याला दुसरा मुद्दा जोडत न्यायचे, आणि घरी येताना आपणही तोच विचार करत यायचो. तिथं वाणी आणि बुद्धी एकत्र होती हे कबूल. पण ज्यांच्या नावानं हे शहर ओळखलं जातं त्या शाहू महाराजांचंच बघा. २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम निघाला तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. त्या निर्णयाला ना व्यासपीठ होतं ना टाळ्या, गॅझेटात छापलेला हुकूम होता फक्त. नंतर १९२० मध्ये माणगावच्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेत महाराज बोलले, आणि २८ वर्षांच्या डॉ. आंबेडकरांकडं बोट दाखवून हा तुमचा पुढारी आहे असं लोकांना सांगितलं. त्या भाषणात आवाज कसा लागला होता हे कुणी विचारत नाही. माणूस कसा ओळखला, हे सगळे सांगतात.

शेजारच्या सांगलीचे वसंतदादा पाटील काही फर्डे वक्ते नव्हते आणि शाळाही फार शिकलेले नव्हते. १९८३ मध्ये मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्या निर्णयावर उलटसुलट बोलता येईल, पण आपल्या भागातल्या शेतकऱ्यांची किती पोरं त्यामुळं इंजिनिअर झाली ते घराघरात ठाऊक आहे. गुणपत्रिकेत दादा कुठं बसले असते?

सरांनी आम्हाला बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणाचा उतारा पाठ करायला दिला होता. उतारा उत्तम आहे, मी तो पाठ केला. पण त्या भाषणाच्या मागं काय होतं ते वर्गात कुणी सांगितलं नाही. घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. कलम घ्यायचं, सदस्यांचं म्हणणं ऐकायचं, कुठली दुरुस्ती मान्य आणि कुठली का नाही हे उभं राहून सांगायचं, असं महिनोन् महिने चाललं होतं. बाबासाहेबांच्या बुद्धीची खरी कसोटी मला या रोजच्या उत्तरांत दिसते. पाठ करून ते येत नाही.

म्हणून मी सरांना विचारलं, प्रत्येक भाषणानंतर पाच मिनिटं प्रश्नांना द्या आणि त्याचे गुण धरा, जमेल का? सर म्हणाले, “सभेत कोण प्रश्न विचारतंय ताई? वेळ जाईल.” सर वाईट नाहीत, शिकवायला कसलेले आहेत. पण मोठ्या सभेत प्रश्न येत नाहीत म्हणूनच तिथलं भाषण नेत्याच्या डोक्याबद्दल फारसं सांगत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. आणि ग्रामसभा काय, वार्षिक सभा काय, तिथं तर प्रश्नच असतात. रस्त्याचा ठेका कुणाला, उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, एकरकमी का नाही, गटार माझ्या दारात का तुंबलं. त्यातून पुढची ॲडव्हान्स बॅच घेतली, जवळजवळ दुप्पट फी भरून, की तुमचं भाषण वर्गातर्फेच लिहून मिळतं. दुसऱ्यानं लिहिलेलं, दुसऱ्यानं बसवलेलं भाषण ऐकून लोकांनी माझी बुद्धी जोखायची?

माझं मत एवढंच : आवाज, माईक, भीती घालवणं यासाठी पाचपैकी साडेचार. नेतृत्वासाठी एक, तोही सोबतची माणसं चांगली भेटली म्हणून. बोलायची भीती वाटत असेल तर जरूर जा, पहिली बॅच पुरे आहे. ॲडव्हान्स घेऊ नका. दुसऱ्या मजल्यावर हॉल आहे, लिफ्ट नाही, दुचाकी मागच्या गल्लीत लावा. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.

वर्गात जे मिळालं नाही ते त्या दूध संस्थेच्या ताई, मी आणि आणखी काही जणी मिळून आता करतोय. ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी आमच्या पडवीत बसतो. एकीनं विषय मांडायचा, बाकीच्यांनी गावकरी होऊन उलटसुलट प्रश्न विचारायचे. ‘माहिती घेऊन सांगते’ हे उत्तर चालतं, पण मग पुढच्या वेळी सांगावंच लागतं. करवीर, पन्हाळा भागातल्या सदस्यांना यायचं असेल तर जरूर या. फी नाही. आपल्या गावचा विकास आराखडा आणि मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त तेवढं वाचून, सोबत घेऊन या.