फ्लो कप, केशनलिका, स्पिंडल की रिओमीटर: व्हिस्कॉसिटी मोजायला काय घ्यावं?

यंत्र निवडण्याआधी द्रवाचा स्वभाव बघावा. खनिज तेल, ग्लिसरीन, सॉल्व्हंट हे हळू हलवले काय नि जोरात ढवळले काय, त्यांची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध, म्हणजे दाटपणा) तीच राहते. रंग, शाम्पू, मलम, सॉस मात्र ढवळताच पातळ होतात. अशा द्रवाचा आकडा कोणत्या शिअर रेटला (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात, त्या दराला) घेतला हे सांगितलं नाही, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

फ्लो कप, म्हणजे तळाला भोक असलेला कप, सर्वांत स्वस्त. कप काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार पहिल्यांदा तुटते तो क्षण घड्याळात पकडायचा. आयएसओ २४३१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वेळ ३० ते १०० सेकंदांत बसेल असं भोक निवडतात. पातळी उतरते तसा दाब कमी होतो, म्हणजे एकाच मोजणीत शिअर रेट बदलत जातो. त्यामुळे सॉल्व्हंट किती घालायचं हे ठरवायला कप पुरे, रंग ओघळेल का हे त्याला विचारू नये. भोकात वाळलेला रंग तारेने खरवडला की कप बाद.

काचेची केशनलिका (बारीक नळी; तिच्यातून द्रव वाहायला लागणारा वेळ मोजतात) हे जुनं साधन, पण तेलासाठी आजही अचूकतेत मागे नाही. ओस्टवाल्डच्या नळीत नमुना मोजूनच घालावा लागतो, कारण द्रवस्तंभाची उंची त्यावर ठरते. उबेलोडच्या नळीत तिसरी भुजा हवेला उघडी असल्याने आकारमान थोडं चुकलं तरी चालतं, आणि पॉलिमरचं द्रावण नळीतच विरळ करता येतं. एएसटीएम डी ४४५ या अमेरिकी मानकानुसार हाताने मोजताना किमान २०० सेकंद प्रवाह हवा. नळी ज्यात बुडवतात त्या बाथचं तापमान ±०.०२ अंशात टिकवायचं, आणि खरा खर्च तिथेच होतो. मिळणारा आकडा कायनेमॅटिक, म्हणजे घनतेने भागलेली व्हिस्कॉसिटी, असतो. डायनॅमिक हवा असेल तर घनतेने गुणावं. गढूळ नमुना मात्र इथे नको.

फिरत्या स्पिंडलचं (द्रवात फिरणाऱ्या दांड्याचं) यंत्र बहुतेक कारखान्यांत दिसतं. दोन समकेंद्री सिलिंडरांचं उपकरण मॉरिस कुएटने १८९० मध्ये मांडलं. १९३४ मध्ये ब्रुकफील्ड कंपनी निघाली आणि बीकरमध्ये बुडवायचा स्पिंडल सर्वत्र पोचला. वापरायला सोपं म्हणून इथेच जास्त फसगत होते. या यंत्राची अचूकता पूर्ण स्केलच्या १ टक्का असते, रीडिंगच्या नव्हे. ब्रुकफील्डच्या एलव्ही (कमी व्हिस्कॉसिटीसाठीच्या) मॉडेलचा पहिला स्पिंडल ६० आरपीएमला पूर्ण स्केल १०० सेंटिपॉइज (व्हिस्कॉसिटीचं एकक) दाखवतो, म्हणजे चूक ±१ सेंटिपॉइज. पाण्याची व्हिस्कॉसिटीच सुमारे १! टॉर्क (स्पिंडल फिरवायला लागणारा पीळ) पूर्ण स्केलच्या १० टक्क्यांखाली असेल तर आकडा लिहूच नये. १० टक्क्यांवरही चूक रीडिंगच्या १० टक्के असते. पातळ द्रवासाठी यूएल अ‍ॅडॉप्टर (कमी व्हिस्कॉसिटीसाठीचा सिलिंडरचा जोड) लावावा.

मानक आकडे ६०० मिलिलिटरचा बीकर आणि गार्ड लेग (स्पिंडलभोवतीची संरक्षक पट्टी) धरून दिलेले असतात. बीकर अरुंद घेतला की रीडिंग चढतं. चकतीचा स्पिंडल तिरका करून आत सोडावा, नाहीतर खाली बुडबुडा अडकतो. स्पिंडलचे आटे उलटे असतात. बसवताना शाफ्ट हलकेच उचलून धरला नाही, तर आतली टोकदार पिव्हट बिघडते आणि यंत्र सगळ्याच नमुन्यांना चुकीचं सांगू लागतं. चकती बीकरमध्ये फिरते तेव्हा शिअर रेट नेमका ठरत नाही. तो हवा असेल तर त्याच यंत्राला समकेंद्री सिलिंडरचा लहान नमुन्याचा अ‍ॅडॉप्टर जोडावा. नवं यंत्र घेण्यापेक्षा हे परवडतं.

शंकू-प्लेट यंत्राला (सपाट प्लेटवर शंकू फिरतो) साधारण अर्धा ते दोन मिलिलिटर नमुना पुरतो आणि सगळीकडे शिअर रेट सारखा राहतो. पण शंकूच्या टोकाशी फट काही मायक्रॉनचीच. भरड कण असलेला रंग तिथे अडकतो, मग यंत्र कण घासल्याचा विरोध मोजतं.

रिओमीटर केव्हा? यील्ड स्ट्रेस (द्रव वाहू लागायला लागणारा किमान ताण), थिक्सोट्रॉपी (ढवळत राहिल्यावर हळूहळू पातळ होणं आणि थांबवल्यावर पुन्हा दाट होणं) किंवा जेलची लवचिकता हवी असेल तेव्हाच. १९६८ मध्ये डेव्हिस, डीअर आणि वॉरबर्टन यांनी मलमांसाठी नियंत्रित ताणाचं (वेगाऐवजी ताण ठरवून देणारं) यंत्र मांडलं. एअर बेअरिंगच्या (हवेच्या थरावर फिरणाऱ्या) यंत्रांना कोरडी, तेलविरहित हवा अखंड लागते. कॉम्प्रेसरचं तेल बेअरिंगमध्ये शिरलं की दुरुस्ती यंत्राइतकीच जड जाते. रोजच्या 'पास की फेल' साठी हे घेणं म्हणजे पैसा वाया.

काहीही घेतलं तरी तापमानासाठी बजेट बाजूला ठेवावं: खोलीच्या तापमानाला वंगणतेलाची व्हिस्कॉसिटी एका अंशाने साधारण पाच टक्के हलते, आणि इतकी चूक चांगलं व्हिस्कोमीटर एरवी करतही नाही.