डॉलर म्हणून घेतले, निघाले रूपचंद

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचं छोटं घर. तिथे चार फुटी टाकी मांडायची तर एक खुर्ची बाहेर काढावी लागेल, असं बायको म्हणाली होती. खुर्ची काढली. टाकीत मासा एकच, टायगर ऑस्कर, नाव बाळ्या. आणला तेव्हा दीड इंचाचा होता, सात महिन्यांत सहा इंचांवर गेला. सोबतीला बारा निऑन टेट्रा, म्हणजे चिमुकले मासे सोडले, ते दोन रात्रींत संपले. मग एक पॅरट मासा आणला. त्याला बाळ्याने असा दामटला की तो फिल्टरच्या पाइपमागून बाहेरच येईना. शेवटी परत देऊन आलो.

ऑस्करसारख्या सिक्लिड गटातल्या भांडखोर माशाला सोबती शोधायचा तर काही गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्या मी बघितल्या होत्या, म्हणूनच जास्त चीड येते. सोबती त्याच्या तोंडात मावता कामा नये. तळातल्या जागेवर हक्क सांगणारा नको. दिसायला त्याच्यासारखा नको, आणि पळायला चपळ हवा. हे सगळं बघता सिल्व्हर डॉलर हा मासा बसतो. अंगाने चपटा आणि उंच, त्यामुळे गिळायला अवघड. पाण्याच्या मधल्या-वरच्या भागात थव्याने फिरतो. पाच-सहा असले की ऑस्करला एकाच्याच मागे लागता येत नाही. पूर्ण वाढला तरी साधारण सहा इंच. ठरलं, डॉलर घ्यायचे.

दुकान मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनाबाहेरचं. नाव लिहीत नाही. दुकानदार मराठी, गोड बोलणारा. डॉलर म्हटल्यावर त्याने तीन-तीन इंची मासे दाखवले, चंदेरी अंग आणि हनुवटीपासून पोटापर्यंत लालभडक. "साधा डॉलर काय कुठेही मिळेल साहेब. हा रेड सिल्व्हर डॉलर, बाहेरून आलेला." एकाचे साडेतीनशे. मी बाळ्याचा स्वभाव सांगितला. त्यावर त्याने जाळीने एक मासा उचलला आणि स्वतःच्या ऑस्करांच्या टाकीत टाकला. "बघा. करतोय का कोणी काही? आपल्याच माणसाला फसवीन का?"

मी पाच मिनिटं घड्याळ लावून उभा. खरंच कोणी काही केलं नाही.

ही परीक्षा कशी खोटी असते ते नंतर डोक्यात आलं. त्या टाकीत पंधरा-वीस ऑस्कर कोंबलेले होते. इतक्या गर्दीत कोणाचीच हद्द उरत नाही, मग भांडणार कशासाठी? लोकलच्या डब्यात खिडकीवरून भांडण होतं ते खिडकी मिळण्याची शक्यता असते तेव्हा. दारात लोंबकळताना कोण भांडतो? घरच्या टाकीत मात्र बाळ्या सात महिन्यांचा मालक होता. दुकानातले मासे एकत्र राहतात, यावरून घरी काय होईल ते अजिबात कळत नाही.

पाच मासे घेतले, सतराशे पन्नास. वर चारशे पन्नासची एक निळी बाटली, "भांडखोरी कमी करणारं औषध." लेबल नखाने खरवडलेलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. रोज एक झाकण टाकायचं होतं. चौथ्या दिवशी पाणी शाईसारखं, पाचव्या दिवशी गढूळ, आणि बाळ्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकतोय. ओळखीतल्या एका जुन्या मासेवाल्याने बाटली उघडून एक थेंब बोटावर घेतला आणि म्हणाला, "मेथिलीन ब्लू. माझ्याकडे चाळीसला आहे." बुरशी-बिरशीवर वेगळ्या भांड्यात वापरायची ती चीज. मुख्य टाकीत ओतली तर मासळीची घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि अमोनिया साठतो. भांडखोरी कमी झाली होती खरी, जीव घाबरा झाल्यामुळे. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. चार दिवस पहाटे उठून बादल्या भरायच्या, क्लोरीन मारायचं औषध टाकायचं, थोडं थोडं पाणी बदलायचं. टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन निळं झालं ते झालंच.

बाळ्या वाचला, डॉलरही वाचले. आणि मग वाढायला लागले. चार महिन्यांत सहा इंच, सहाव्या महिन्यात आठ. दिवा लावला की पाचही जण बिथरून काचेवर धडकत, झाकण उडेल की काय असं वाटे. गोळ्या पाण्याला टेकायच्या आत गायब. मी खूश होतो, काय खाणारी पोरं आहेत म्हणून! ज्याच्या भीतीने एवढी शोधाशोध केली तो बाळ्या मात्र हीटरमागे आडवा पडून राहायचा. ऑस्कर रुसला की असा कुशीवर पडतो.

उलगडा झाला तो मासळी बाजारात. रविवारी पापलेट आणायला गेलो होतो. एका पाटीवर पापलेटासारखेच चपटे मासे, भाव बराच कमी. मी हात घालणार तेवढ्यात शेजारची कोळीण मावशी हळूच म्हणाली, "दादा, तो पापलेट नाय. रूपचंद हाय. पापलेट म्हणून खपवतात." बघतो तर हनुवटीपासून पोटापर्यंत लालसर झाक. पोटात गोळा आला. मोबाइलमधला बाळ्याच्या टाकीचा फोटो मावशीला दाखवला. तिने डोळे बारीक करून बघितला आणि विचारलं, "ह्ये पाळलंत कशाला?"

मग तिने पलीकडचा एक मासा उचलून त्याचा जबडा बोटांनी फाकवून दाखवला. आत दात. टोकदार नव्हेत, माणसाच्या दाढांसारखे चपटे. मूळचा हा ॲमेझॉनकडचा पाकू, पाण्यात पडलेली फळं आणि कठीण बिया फोडून खाणारा, म्हणून असे दात. आपल्याकडे बांगलादेशमार्गे आला आणि आता पश्चिम बंगाल, आंध्रच्या तळ्यांत खाण्यासाठी वाढवतात. पूर्ण वाढीचा दोन-अडीच फुटांपर्यंत जातो. माझी टाकी चार फुटांची आणि असे पाच!

घरी येऊन हिशोब केला. तीन इंची पिल्लू फार तर दहा ग्रॅम. दहा ग्रॅमचे साडेतीनशे म्हणजे किलोला पस्तीस हजार. मावशीच्या शेजारी तोच मासा दोनशे रुपये किलो होता, साफ करून.

दुकानात गेलो. आधी ओळखच दाखवेना. मग म्हणाला, "तुम्ही खायला जास्त घातलंत, म्हणून वाढले." चिठ्ठी काढली तर त्यावर त्याच्याच अक्षरात 'फिश 5, औषध 1'. जातीचं नाव नाही, दुकानाचा शिक्का नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते हे मला ठाऊक होतं, पण सांगणार काय? पाच फिश मागितले, पाच फिश मिळाले. माशाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं असतं, निदान दुकानातल्या टाकीचा पाटीसकट फोटो काढला असता, तर बोलायला तोंड होतं. निघताना नजर बाजूच्या टाकीवर गेली. तीन इंची, लाल पोटाचे, तेच मासे. वर चिकटवलेला कागद: 'पिरान्हा, 500'. पाकूची पिल्लं लाल पोटाच्या पिरान्हासारखीच दिसतात, त्यामुळे तिथेही गिऱ्हाईक मिळतं.

एक सांगतो. खरा सिल्व्हर डॉलर नाण्यासारखा जवळजवळ गोल आणि पोटाशीही चंदेरीच असतो. एका जातीचा खालचा पंख तेवढा लाल असतो. हनुवटी आणि पोट लाल, अंग लांबट आणि बाजूला ठिपके दिसले तर पैसे खिशातच ठेवा.

पाच पाकूंचं करायचं काय, हा प्रश्न महिनाभर होता. "पवईत सोड," असं तिघांनी सुचवलं. परदेशी मासा आपल्या तलावात सोडून मी आणखी एक घोळ घालणार नव्हतो. शेवटी शहापूरजवळ मित्राचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, तिथे पाण्याचे दोन पिंप टेम्पोत घालून नेऊन दिले. टेम्पोचे अठराशे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. एक काढून कालवण केलं, पाहुण्यांना पापलेट म्हणून वाढलं, कोणाला कळलं नाही म्हणे.

बाळ्या आता एकटा आहे. हीटरमागून बाहेर यायला त्याला दहा दिवस लागले. आता पुन्हा काचेवर ठोकून खायला मागतो. खरे डॉलर आणायचे की नाही ते अजून ठरत नाही. बायको म्हणते, खुर्ची आधी आत आणा.