फ्लोअरटाइम, सहा महिन्यांनंतर: काय जमतं, कुठे अडतं

फ्लोअरटाइम म्हणजे स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांशी खेळातून देवाणघेवाण वाढवायची पद्धत; अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ स्टॅनले ग्रीनस्पॅन आणि मानसतज्ज्ञ सेरेना वीडर यांची. गाभा एवढाच: जमिनीवर बसा आणि मूल जे करतंय त्यातच शिरा. मूळ शिफारस दिवसाला किमान २० मिनिटांच्या सहा ते दहा बैठकांची आहे. डबे आणि ऑफिस सांभाळून तीन झाल्या तरी पुष्कळ; चौथी आंघोळीच्या बादलीपाशी होते.

तयारी किरकोळ. सतरंजी, चार-पाच खेळणी, बाकीची माळ्यावर. टीव्ही बंद. पहिली दोन मिनिटं नुसतं बघायचं. मूल गाडी पुढे-मागे ढकलत बसलं असेल तर गाडी काढून घ्यायची नाही, तिच्यासमोर हाताचा टोलनाका करायचा. त्याने हात ढकलला, वर पाहिलं, ‘ऊं’ केलं, की देवाणघेवाणीचं एक वर्तुळ पूर्ण. हात लगेच उचलायचा, मग पुन्हा नाका. सुरुवातीला अशी सलग पाच-सहा वर्तुळं झाली तर बैठक चांगली समजावी.

खरी अडचण मोठ्यांच्या तोंडाची. ‘हा कुठला रंग? म्हण बघू, लाल’ सुरू झालं की खेळाची परीक्षा होते आणि मूल पाठ फिरवतं. एक शब्द बोलून मनात दहा आकडे मोजावेत. आजी शेजारी बसलेली असेल तर ते दहा आकडे फारच लांबतात. दुसरी चूक, ढकलूनही नाका न उठवणं. मग गंमत संपते, रडं सुरू होतं.

आवाजाने कान झाकणाऱ्या मुलाशी कुजबुजत खेळावं. सारखं धावणाऱ्याला आधी दोघांनी धरलेल्या चादरीत झोके द्यावेत. मध्येच थांबून ‘अजून’चा इशारा येईपर्यंत वाट बघावी. सुस्त मुलाला उलट मोठे हावभाव, चढा आवाज, बुवा-कुक.

याच विचारावर बेतलेल्या ‘प्ले प्रोजेक्ट’ची अमेरिकेत १२८ स्वमग्न मुलांवर वर्षभर चाचणी झाली. २०१४च्या निष्कर्षांत पालक-मुलांमधली देवाणघेवाण सुधारलेली दिसली, भाषेच्या प्रमाणित चाचण्यांत मात्र फरक नव्हता. त्यामुळे स्पीच थेरपी बंद करू नये. प्रगती बघायला दर पंधरा दिवसांनी मोबाइल कपाटावर टेकवून पाच मिनिटं चित्रण करावं आणि शब्दांऐवजी वर्तुळं मोजावीत.

गुडघे दुखत असतील तर मुलाला पलंगावर बसवून आपण खाली पाटावर बसलं तरी चालतं. आपला चेहरा त्याच्या नजरेच्या जरा खाली आला पाहिजे.