रक्ताविना युद्धं: पत्ते बरे, पुठ्ठा कच्चा

दादरच्या पुस्तक प्रदर्शनात मिळणारा हा पत्त्यांचा संच रक्त न सांडलेल्या युद्धांचा कालक्रम लावायच्या खेळाचा आहे. पुढे युद्धाचं नाव, मागे साल आणि कारण. मागची बाजू न बघता पत्ता क्रमात बसवायचा. चुकला तर नवा उचलायचा.

निवड झकास आहे. 1784 मध्ये शेल्ट नदीवर डच जहाजाने एकच गोळा डागला, तो ऑस्ट्रियन जहाजावरच्या सूपच्या भांड्याला लागला. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सॅन हुआन बेटांवर 1859 मध्ये बटाट्याच्या वाफ्यात शिरलेलं डुक्कर मारलं गेलं, तर ब्रिटन-अमेरिकेचं सैन्य समोरासमोर. बेटं कोणाची, याचा निवाडा जर्मन सम्राटाने 1872 मध्ये दिला. तिथे मेलं ते डुक्करच!

ब्रिटन-झांजिबार युद्धाचा (1896) पत्ता मात्र काढून टाका. ते सुमारे 40 मिनिटांत संपलं, पण शेकडो मेले-जखमी झाले. इंग्लंडजवळची सिली बेटं आणि नेदरलँड्सचं ‘335 वर्षांचं युद्ध’ ठेवा, पण पत्त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा; मुळात ते पुकारलं होतं का, यावरच वाद आहे.

पुठ्ठ्याला लॅमिनेशन नाही. मुंबईच्या पावसाळी दमटपणात कडा वाकतात आणि वाकलेला पत्ता न उलटताच ओळखू येतो. प्लॅस्टिकचे स्लीव्ह चढवा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. चौघांपेक्षा जास्त बसले तर पत्ते पुरत नाहीत.