पंधरा वर्षांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट एक्सएफसीई : आठ महिन्यांनंतर

लॅपटॉप २०१० च्या दिवाळीतला. आय३-३७०एम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क. विंडोज ७ घेऊन आला, पुढे विंडोज १० वर ढकलला आणि मग तीन-चार वर्षं कपाटावर पिशवीत पडून राहिला. यंदा बाबांनी सोसायटीच्या खजिनदाराचं काम अंगावर घेतलं आणि हिशेब मोबाइलवर दिसेनात. नवा लॅपटॉप घ्यायचा विषय काढला तर म्हणाले, "अरे, तो चालतोय की!" चालत होता म्हणजे काय, बटण दाबून चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळून यायचं, तोवर डेस्कटॉप उगवलेला असायचा.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं ठरवलं. व्हेन्टॉय नावाच्या साधनाने एकाच पेनड्राइव्हवर चार डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे तयार प्रकार) घेतले: अँटीएक्स २३, एमएक्स २३, लुबुंटू २४.०४ आणि मिंट २२.१ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. प्रत्येक लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघितला. आपल्यासारख्या हौशी लोकांची एक खोड असते: डेस्कटॉप आला रे आला की टर्मिनल उघडून एचटॉप (मेमरीचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम) लावायचं आणि रॅमचा आकडा बघायचा. माझ्या मशीनवर अँटीएक्स सव्वादोनशे एमबीच्या आसपास, लुबुंटू आणि एमएक्स सहाशेच्या घरात, मिंट साडेसातशेच्या वर. निकाल लागला! अँटीएक्स टाकला.

अँटीएक्स ही चीज भारी आहे, यात वाद नाही. डेबियन या जुन्या डिस्ट्रोवर आधारलेला, सिस्टमडी (बहुतेक लिनक्समध्ये बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) नाही, आइसडब्ल्यूएमसारखे हलके विंडो मॅनेजर (पडद्यावर खिडक्या मांडणारे प्रोग्रॅम), आणि ३२ बिटची आवृत्तीही मिळते. डेबियन १३ ने ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद केल्यावर जुन्या अ‍ॅटम प्रोसेसरवाल्या नेटबुकांना असे मोजकेच पर्याय उरलेत. मी एकटा वापरणार असतो तर आजही तोच असता. पण एके दिवशी बाबांचा फोन आला, "सगळं गेलं." गेलं काहीच नव्हतं. लॉगिनच्या पडद्यावर चुकून एफ१ दाबलं गेलं होतं, त्याने सेशन बदलतं, आणि वेगळाच विंडो मॅनेजर समोर आला होता. पट्टी वेगळी, मेनू वेगळा. दोष अँटीएक्सचा नाही, बाबांचाही नाही. पंच्याहत्तरीच्या माणसापुढे चार विंडो मॅनेजर ठेवणाऱ्याचा.

त्याच दिवसांत दुसरी गंमत झाली. बँकेची साइट उघडेना, "कनेक्शन सुरक्षित नाही". अपडेट करायला गेलो तर रिपॉझिटरीची (सॉफ्टवेअर जिथून उतरतं त्या साठ्याची) फाइल म्हणे अजून वैधच झालेली नाही. तासभर डीएनएस, प्रॉक्सी, काय काय तपासलं. मग कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं: १ जानेवारी २०१०. घड्याळ चालू ठेवणारा आतला सीआर२०३२ सेल मेला होता. साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं २०२५ ची, लॅपटॉप २०१० मध्ये. कोण विश्वास ठेवणार? किराणा दुकानातही मिळतो तो सेल. जुना लॅपटॉप बाहेर काढणाऱ्यांनी आधी तो बदला, मग बाकीचं.

पण मुख्य दुखणं तसंच होतं. सहा आठवड्यांत कळलं की डेस्कटॉप पिसासारखा हलका असला तरी फायरफॉक्समध्ये ई-पेपर, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि बँक एकत्र उघडलं की २ जीबी संपते, स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतो आणि हार्ड डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो. अँटीएक्स आणि मिंट यांच्यात मी मोजलेला पाचशे एमबीचा फरक एखादा जड टॅब सहज खाऊन टाकतो. ब्राउझर सगळ्या डिस्ट्रोंत तोच. डिस्ट्रो कितीही बारीक निवडा, ब्राउझर काही उपाशी राहत नाही.

म्हणून पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तपकीर गल्ली गाठली. डीडीआर३ रॅमची जुनी २ जीबीची पट्टी आणि २४० जीबीची साटा एसएसडी घेतली. या मशीनची साटा जोडणी जुन्या पिढीची, एसएसडीचा पूर्ण वेग मिळतच नाही, तरी फरक डोळ्यांत भरतो: आता पस्तीसेक सेकंदांत डेस्कटॉप. जुनी डिस्क डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवली (कॅडी घेताना जाडी मोजून जा, ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन मिळतात, मी आधी चुकीची आणली). पंख्यातून जे निघालं त्याला धूळ म्हणवत नाही, गोधडीच होती.

एवढं झाल्यावर मिंट टाकला. आता साडेसातशे एमबीचं काही वाटेना.

वायफायने पहिल्याच दिवशी असहकार पुकारला. चिपचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला इंटरनेट लागतं! मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, मिंटने ते लगेच ओळखलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट, झालं.

यूट्यूबवर कीर्तन ऐकताना पंखा विमानासारखा ओरडायचा. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं, आणि ते उलगडणारं हार्डवेअर या चिपमध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर. एच२६४-इफाय नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन यूट्यूबला जुना एच.२६४ फॉरमॅटच द्यायला लावतं. ते टाकलं, ४८० पी ठेवलं, आता कीर्तनकाराचा आवाज पंख्याच्या वर येतो. जोडीला जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. शिवाय झेडरॅम सुरू केला, म्हणजे डिस्कऐवजी रॅममध्येच, डेटा दाबून (कॉम्प्रेस करून), स्वॅप. दहा-बारा टॅब झाले तरी गोठत नाही, जरा रेंगाळतो इतकंच.

मराठीसाठी वेगळं काही टाकावं लागलं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आहे आणि उच्चारानुसारी 'कगप' आराखडाही. बाबांनी कगप उचलला. जोडाक्षरासाठी मध्ये एफ दाबायचा, एवढंच त्यांनी चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलंय. खरा त्रास सोसायटीच्या जुन्या नोटिसांनी दिला. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या, त्यामुळे लिबरऑफिसात उघडल्या की नुसता अक्षरांचा चिवडा. जुन्या डिस्कवरचे फॉन्ट होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकले, वाचता येऊ लागल्या. टॅली मात्र विंडोजचाच. हिशेब लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखं) आणला. ज्यांना टॅली लागतंच त्यांनी या वाटेला जाऊ नये.

जुलैत एकदा अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरी नावापुरतीच उरलेली, त्यामुळे लॅपटॉप तिथेच आडवा. पुन्हा सुरू झाला, पण अपडेट मॅनेजर अडून बसला. टर्मिनलमध्ये 'डीपीकेजी कॉन्फिगर ए' ही आज्ञा सुडोसकट (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवली, अर्धवट राहिलेली पॅकेजं लागली. सिस्टमला मागच्या स्थितीत नेणाऱ्या टाइमशिफ्टचा आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट होता, तो वापरायची वेळ आली नाही. तेव्हापासून बाबांना ताकीद आहे: अपडेट मॅनेजरच्या ढालीच्या चिन्हावर ठिपका दिसला तर दिसू दे, रविवारी मी आल्यावर बघीन. ते ऐकत नाहीत हा भाग वेगळा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या सपोर्टची मुदत संपल्यावर आमच्या मजल्यावरचे काका त्यांचा लॅपटॉप घेऊन आले. "तुझ्या बाबांना टाकलंस तेच हलकं लिनक्स टाकून दे." मी पेनड्राइव्हऐवजी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागलो, तसे ते जरा घाबरले. झाकण उघडलं तर रॅम बोर्डवरच डाग दिलेली, वाढवायची सोयच नाही. २ जीबी. आता त्यांच्यासाठी मिंट की अँटीएक्स, यावर गेले दोन रविवार घोळ चाललाय. लॉगिनच्या पडद्यावरचं ते एफ१ कसं बंद करायचं, तेवढं आधी शोधतोय.