एअर फोर्क, आठ महिन्यांनी: सगळं खापर फोमच्या रिंगवर

सायकलचं पुढचं चाक धरणारा, आतल्या हवेच्या दाबावर धक्के पचवणारा हा फोर्क. १२० मिमी ट्रॅव्हल (तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर), ३२ मिमी स्टँशन (वरून आत सरकणारी नळी), वर हवेचा एकच व्हॉल्व्ह. आठ महिन्यांत त्याने एक अख्खा पावसाळा, गोव्यातल्या डिचोलीकडच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ आणि किनाऱ्यावरची खारी हवा खाल्ली. पुस्तक सांगतं, ५० तासांनी लोअर (स्टँशन ज्यात सरकतात तो खालचा भाग) उघडा, २०० तासांनी पूर्ण सर्व्हिस. आठवड्याला चार तास धरले तर ५० तास म्हणजे तीन महिने. गोव्यात जून ते सप्टेंबर त्याचे निम्मे धरा. खनिजाची बारीक धूळ वायपर सीलच्या (स्टँशनवरची घाण पुसणाऱ्या रबराच्या) ओठावर बसून वाळली की पॉलिश पेपरचंच काम करते.

तक्रार एकच आहे. बारीक खडबडीवर फोर्क जागचा हलत नाही, जोर पडला की धक्क्याने सुटतो. यावर सगळ्यांचा पहिला उपाय म्हणजे हवा कमी करणं. तो चुकीचा. सॅग (स्वार बसल्यावर फोर्क दबतो ते अंतर) ३० मिमीच्या पुढे जातो, जांभ्याच्या पायरीवरून उतरताना फोर्क तळाला आपटतो आणि सुरुवातीचा अडखळा तसाच राहतो. दोष हवेचा नव्हताच.

दोष फोमच्या रिंगचा. वायपर सीलच्या खाली दडलेली, करंगळीच्या नखाएवढ्या उंचीची ही स्पंजची चकती. लोअरमधलं तेल पिऊन ते स्टँशनला लावत राहायचं, एवढंच तिचं काम. कारखान्यातून आली तेव्हा ती जवळजवळ कोरडी होती. इतक्या पैशांच्या वस्तूत दोन थेंब तेलाची काटकसर!

घरी तपासायला पैसे लागत नाहीत. सायकल रात्रभर उलटी ठेवा. सकाळी फोर्क मऊ चालला तर फोम कोरडी होती. काहीच फरक नसेल तर बहुधा लोअरमध्ये तेलच उरलेलं नाही. (हायड्रॉलिक ब्रेक असतील तर निघण्यापूर्वी लिव्हर पाच-सहा वेळा दाबून बघा. आत हवेचा बुडबुडा असेल तर उलट्या सायकलीत तो सरकतो.)

लोअर उघडताना आधी हवा पूर्ण सोडा, हळूहळू. उजवीकडची रिबाउंडची (दबलेला फोर्क परत किती वेगाने येतो ते ठरवणारी) चावी काढा. खालचे दोन्ही बोल्ट ५ मिमी अ‍ॅलन कीने तीन-चार फेरे सैल करा, पण काढू नका. की त्यातच ठेवून रबरी हातोडीने ठोका, म्हणजे आतला दांडा सुटतो. मग बोल्ट काढून लोअर खाली ओढा, खाली टब ठेवलेला असू द्या. निघणारं तेल चहासारखं दिसलं तर उशीर झालाय असं समजा. फोम उपसून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पिळून धुवा. अल्कोहोल तांबडं यायचं थांबेपर्यंत. वाळली की सस्पेन्शन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, निथळू न देता बसवा. वायपरच्या आतल्या ओठाला सस्पेन्शन ग्रीसचा पातळ हात पुरे. स्कूटरच्या बेअरिंगचं ग्रीस लावू नका, ते घट्ट असतं आणि अडखळा परत येतो. लोअर अर्धेच चढवून फोर्क तिरका धरा. प्रत्येक बोल्टच्या भोकातून सिरिंजने तेल सोडा. माझ्या फोर्कला बाजूला १० मिली लागतं, तुमचं माप पुस्तकात बघा. मग पूर्ण चढवून बोल्ट ७ न्यूटन-मीटरला आवळा. वॉशर नवीनच घाला, जुना चेपलेला असतो आणि तिथूनच तेल झिरपतं.

बाजूला १० म्हणजे दोन्ही मिळून २० मिली. एका लिटरात पन्नास सर्व्हिस होतात, फोम भिजवायला लागतं ते वेगळं. हा हिशेब कळल्यावर सर्व्हिस सेंटरचं बिल वाचायला धीर होत नाही.

त्यांचं निदान होतं, ‘हवा जाते, एअर कार्ट्रिज (आतला हवेचा अख्खा संच) बदला.’ पुरावा काय, तर पंप लावला की त्यावरचा दाबाचा काटा खाली. अहो, पंप पुन्हा लावला की त्याची रिकामी नळी फोर्कमधल्याच हवेने भरते, काटा खाली येणारच! पंप काढताना येणारा फुस्स आवाजही नळीचाच. खरी गळती बघायची तर हवा भरून सॅग मोजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर विषय संपला. वाढला तर व्हॉल्व्ह आणि वरच्या टोपीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हचा गाभा आवळा किंवा टोपीची ओ-रिंग बदला. बुडबुडे नाहीत, पण फोर्क स्वतःच आखूड होतोय, १२० ऐवजी स्टँशन कमी दिसतोय, तर पिस्टनच्या सीलमधून हवा खालच्या निगेटिव्ह कप्प्यात (वरच्या हवेला उलटा दाब देणाऱ्या) चाललीय. तिथेही सीलचं किट पुरतं, अख्खं कार्ट्रिज नाही.

हवा भरताना पंप लावलेला ठेवूनच फोर्क सावकाश पाव ट्रॅव्हलपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. दोन्ही कप्पे सारखे होतात, काटा उतरतो, मग उरलेली हवा भरा. हे न केल्यामुळे पहिले तीन महिने मी या फोर्कला ‘वरून कडक’ म्हणत होतो. तेवढं मागे घेतो. फोमबद्दलचं नाही.

धुताना प्रेशर पंप वायपरवर मारू नका. डब्ल्यूडी-४० स्टँशनवर नको, असलेलं तेलही धुऊन नेतं. समुद्राकडून आलात तर गोड्या पाण्याची बादली खालच्या बोल्टवरही ओता. तिथे पांढरी पावडर दिसू लागली की बोल्ट पुढच्या वेळी सहज सुटणार नाही.

वायपर मे महिन्यात, पावसाच्या आधी बदलायचे. दुकानात नुसतं ‘३२ मिमी’ सांगू नका, मॉडेल आणि वर्ष सांगा. ३२ मध्येच काठाचे आणि बिनकाठाचे असे दोन प्रकार येतात, आणि फोम रिंग बहुधा त्या किटमध्येच मिळते, सुटी मागितली तर दुकानदार हसतो.